पांढऱ्यावर पांढरं

१२ नोव्हेंबर २००८
पहिली पाळी. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून आल्यावर सु.चा ब्लॉग. बायको सांगते, मी टाइप करतो. आज गवार: कोवळी शेंग बोटांत कशी मोडते, निबर कशी नुसती वाकते. नजर जाऊन सहा वर्षं झाली, तरी भाजीबाजारात तिला कुणी फसवत नाही. मला रोज फसवतात.
नेहमीचा प्रश्न, "काल किती जण आले?" ब्लॉगच्या काउंटरवर चार. त्यांत दोनदा मीच. म्हटलं, पस्तीस-चाळीस. खूश झाली. किती सोपं गेलं.

१६ नोव्हें.
खोटं खरं करायला हवं. नेटवर वाचलं, लोक शोधताना जे शब्द टाकतात ते पानावर असले की पान वर येतं. गवार कोण शोधतंय? सु.ची अट पहिल्या दिवसापासूनची: "दिसत नाही हे एकदाच सांगायचं. मग भाजीवर बोलायचं."
म्हणून प्रत्येक पोस्टच्या तळाशी, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत: बिचारी अंध महिला, डोळ्यांवर इलाज, दृष्टी परत आली, चमत्कार. वीस-वीस वेळा. माणसांना दिसणार नाही, शोधणाऱ्या यंत्राला दिसेल. डोकं चाललं म्हणायचं.

३ डिसें.
काल एकशे बारा. हे खरे. सु.ने त्या भरात मेथी आणि सुरण अशा दोन पोस्टी सांगितल्या. बहिणीला फोनवर म्हणाली, "लोकांना माझं लिहिणं आवडतंय गं." मी पंखा पुसत होतो, पुसतच राहिलो.

९ डिसें.
सुरणाच्या पोस्टखाली प्रतिक्रिया. सटाण्याकडच्या एका आईची, अहिराणीत, कुणाकडून तरी टाइप करून घेतलेली दिसते.
"ताई, मनी पोरले दिसत नई. सात वरीसनी शे. तुमनी नजर परत उनी ना? डॉक्टर कोन शे ते सांगा." खाली फोन नंबर.
सु. मागेच उभी. "काय आलंय?" म्हटलं, काही नाही. प्रतिक्रिया उडवली, ती आल्याची मेलही उडवली. नंबर लिहून घेतला नाही.

१० डिसें.
नंबराचे शेवटचे दोन आकडे आठवतात, बाकी नाही. ती बाई फोनची वाट बघत असेल. काय सांगणार होतो? इलाज नाही, सुरण कसा निवडायचा तेवढं मिळेल? तरी सांगायला हवं होतं. भ्यालो मी.

४ जानेवारी २००९
नाशिकरोडला सु.चा कॉम्प्युटर क्लास सुरू. मी सोबत. शिंदेसर स्वतः अंध. स्क्रीनवरचं मराठी मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर शिकवतात. पहिल्याच दिवशी तिने स्वतःचा ब्लॉग लावायला सांगितला. यांत्रिक आवाज, उच्चार हिंदी वळणाचे, पण गवारीची पोस्ट पूर्ण वाचली. सु. हसत होती. मग न थांबता: बिचारी अंध महिला, बिचारी अंध महिला…
सॉफ्टवेअरला रंग कळत नाही. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.
शिंदेसर म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही लिहिलंय?"
"नाही. यांनी."
वीसच्या वीस वेळा ऐकलं. बंद करू दिलं नाही. डोळस लोकांपासून लपवलं आणि ज्यांना दिसत नाही त्यांनाच दीड महिना ऐकवत बसलो. लाज वाटते.

५ जाने.
सगळ्या पोस्टींतून शब्द काढले. तसं सांगितलं. "बरं."

८ जाने.
भाजी निवडता निवडता, "बिचारी का?"
तू खूश व्हावीस म्हणून, म्हटलं. खरे चारच होते तेही सांगितलं.
"चार चालले असते मला." मग, "त्या शब्दांवरून कोण कोण आलं?"
सटाण्याचं सांगितलं. उडवल्याचंही. ती उठून ओट्यापाशी गेली. बराच वेळ नुसता नळ चालू. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ जाने.
"ते शब्द परत टाका."
मला वाटलं, चिडून. तसं नव्हतं. "इलाज, दृष्टी परत, सगळे. पण काळ्या अक्षरांत, शीर्षकात. ती पुन्हा शोधणारच. शोधल्यावर इथेच आली पाहिजे." 'बिचारी' तेवढा गाळायला सांगितला.
पोस्ट: माझी नजर परत आलेली नाही. इलाज मला माहीत नाही. नजर परत आल्याचं इथे लिहिलं गेलं होतं, ती चूक आमची. पोरीला बाजारात न्या, भाजी तिच्या हातात द्या. खाली क्लासचा पत्ता आणि घरचा फोन.
शीर्षक तिने स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर शोधत. मी हात बांधून बसलो.

२ फेब्रु.
पान पुन्हा वर. काल शहाण्णव. परभणीच्या एका आईचा फोन आला, जळगावच्या एका आजोबांचा आला. दोघांना इलाजच हवा होता. सु. दोघांशी तासभर बोलली. सटाण्याहून काही नाही.
आज पाळीवरून आलो तर कॉम्प्युटरसमोर, कानाला हेडफोन. पासवर्ड तिने बदललाय. मला सांगितला नाही, मीही मागितला नाही. एकच काहीतरी पुन्हा पुन्हा ऐकत होती. सटाण्याच्या आईची मेल आहे का, एवढंच विचारायचं होतं. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. पण मला खरं सांगावं असं मी काय केलंय, म्हणून चहा ठेवला.