रिंगखालची जागा

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय बुटक्यास,

सरळ उभं राहून नमस्कार केला तर तो तुझ्या डोक्यावरून जाईल, म्हणून जरा वाकून करतो. वहिनींनाही सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं राहून गेलं, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. लिहायला बसायचो, वर तारीख घालायचो आणि उठायचो. तू ज्या विषयावर लिहिलं होतंस ते सगळं वाचलं. त्याबद्दल आज नको. आज कामाचं लिहितो. फोन का करत नाहीस, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसतं हं हं करतो, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

तब्येत बरी आहे. सकाळी कोर्टवर जाण्याआधी थोडा वेळ डोळे मिटून देवाचं नाव घेतो, ती सवय टिकून आहे. जिंकणं कधी मागितलं नाही. पोरांचे हातपाय सुखरूप राहोत, एवढंच मागतो.

तर आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात सध्या एकच वाद चालू आहे. उंच की बुटके? हसू नकोस. आपण शाळेत ज्यावरून भांडायचो तेच भांडण आता कॉलेज पगार देऊन माझ्याकडून करून घेतं आहे.

खरा उंच असा आमच्याकडे एकच मुलगा आहे. मुलं त्याला शिडी म्हणतात. तिसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो, स्वभावाने गरीब. बाकीचे सगळे तुझ्या जातकुळीचे. त्यातला एक भिंगरी. तो बोलतानासुद्धा जागेवर उभा राहत नाही. आणि यंदा मला एक मदतनीस प्रशिक्षक मिळाली आहे. स्वतः खेळलेली, हुशार, माझ्या पुतणीच्या वयाची. मुलं तिला ताई म्हणतात, ऐकून ऐकून मीही म्हणायला लागलो. मागच्या आठवड्यात सराव संपल्यावर ती म्हणाली,

"सर, शिडीला बाकावर बसवू या. पाचही बुटके खेळवू."

"आणि रिंगखाली कोण?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही म्हणजे?"

"म्हणजे जागा मोकळी. ज्याला वाट दिसेल तो आत घुसेल. आत्ता काय होतं, शिडी तिथे उभा राहतो, त्याला धरायला त्यांचाही उंच येऊन उभा राहतो. दार उघडं, पण दारात दोन कपाटं."

भिंगरी बुटाची नाडी बांधत होता. "एक कपाट तरी हलवा, सर. मला रोज खिडकीतून उडी मारायला लागते."

सगळे हसले. शिडी चेंडू पुसून जाळीत भरत होता. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

तुला कवायतीचे मास्तर आठवतात? शाळेच्या अंगणात विजेचा जुना खांब रोवून त्यांनी त्यावर लोखंडी कडं ठोकलं होतं. पहिल्याच दिवशी माझा दंड धरून मला खाली उभं केलं आणि म्हणाले, "लंब्या, ही तुझी जागा. इथून हलायचं नाही. चेंडू बुटक्या आणून देईल." मी हललो नाही. कॉलेजात तिथेच उभा राहिलो, नोकरी लागली ती त्या उभं राहण्यावरच, आणि आता पोरांना शिकवतो तेही तेच. आजवर मला कुणी रिंगखालची जागा मोकळी ठेवायला सांगितलं नव्हतं.

मी ताईला कारणं दिली. रिंगवर आपटून परतलेला चेंडू कोण पकडणार? समोरच्या संघात दोन उंच असले तर ते आपल्या पोरांच्या डोक्यावरून चेंडू टाकतील त्याचं काय? सगळी कारणं बरोबर आहेत, तू तपासून बघ. शिडी खेळेल, असं सांगून मी विषय संपवला.

आता थांबतो. कुकर लावायचा आहे. शिडी जेवायला येईल.

तुझा,
लंब्या

शनिवार, २२ नोव्हेंबर

प्रिय बुटक्या,

मी एवढं पानभर लिहिलं आणि तू उत्तरात एक ओळ पाठवलीस. "लंब्या, तो शिडी रोज तुझ्याकडे का जेवतो?" खाली सहीसुद्धा नाही. शाळेतही तू असाच होतास. सगळ्यांचं लक्ष चेंडूकडे, आणि तुझं समोरच्याच्या पायांकडे.

सांगतो.

ही सवय आमच्या हिने लावली. शिडी पहिल्या वर्षाला होता तेव्हा एकदा माझ्याबरोबर घरी आला, एवढंच. त्याने पाण्याचा तांब्या एका दमात संपवला ते पाहून ती मला आत बोलावून म्हणाली, "या पोराला मेसचं जेवण कुठे पुरणार? सराव संपला की घेऊन येत जा." त्याला स्वयंपाकघरात यायला माझ्यासारखंच वाकावं लागायचं. आमच्या दाराची चौकट तू पाहिली आहेस. दोनदा त्याचं कपाळ सुजलं. मग तिने स्टूल घेतलं, त्यावर चढली आणि चौकटीला वर स्पंज चिकटवला. मी म्हटलं, माझं डोकं इतकी वर्षं आपटतंय तेव्हा नाही सुचलं. तर म्हणाली, "तुमच्या डोक्याचं मला काही वाटत नाही, चौकट भाड्याची आहे."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. ते सगळं तुला माहीत आहे. तू पत्रांत चांगलं लिहिलं होतंस. मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर दिलं की ती गेली हे खरं होईल, असं मला वाटत होतं. वेडेपणा आहे.

लोक येऊन गेले, घर मोकळं झालं. पुढच्या सोमवारी सराव संपल्यावर शिडी नेहमीसारखा माझ्या मागे चालत आला. मला तेव्हा चहापलीकडे काही येत नव्हतं. त्याने भात लावला, करपवला, आणि आम्ही दोघांनी तो खाल्ला. तेव्हापासून तो येतो. आता मी भाजी करतो, अंडी उकडतो, बरं जमतं. दोन माणसांचा भात माझा कधी चुकत नाही. एकाचा अजून जमत नाही. सुट्टीत तो गावी जातो तेव्हा मी पावावर भागवतो.

आम्ही फार बोलत नाही. तो वर्गातलं काहीतरी सांगतो, मी हं हं करतो. पण बेसिनवर कुणीतरी ताट घासत असतं, तो आवाज येतो.

आता तुला समजलंच असेल. माझ्या अनुभवात बाकावर बसवलेला मुलगा प्रशिक्षकाच्या घरी जेवायला येत नाही. नमस्कारही लांबून करतो. त्यात त्याची चूक नसते, या वयात मान फार मोठा असतो. मी शिडीला बसवलं तर तो काही बोलणार नाही, फक्त सराव संपला की हॉस्टेलच्या रस्त्याने वळेल.

मधल्या दोन्ही सामन्यांत तो खेळला. आम्ही दोन्ही हरलो. आता पुढचा हरलो की स्पर्धेतून बाहेर. दुसऱ्या सामन्यानंतर मुलं बसमध्ये चढत होती, तेव्हा ताईने मला बाजूला घेतलं.

"सर, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुम्ही शिडीला खेळवताय की सांभाळताय?"

मी रागावलो. म्हटलं, मी हा खेळ खेळत होतो तेव्हा तुझा जन्म झाला नव्हता. ती "हो सर" म्हणाली आणि जाऊन पुढच्या सीटवर बसली. घरी येईपर्यंत मला स्वतःचीच लाज वाटत राहिली, आणि तरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी शिडीचंच नाव लिहिलं. पोरांसमोर कारणं पुन्हा सगळी सांगितली. बोलताना लक्षात आलं की मी ती कारणं भिंगरीला नाही, ताईला नाही, मलाच सांगत होतो.

पुढच्या गुरुवारी सामना आहे. समोर दोन उंचांचा संघ. तू असतास तर काय केलं असतंस, एवढं तरी लिही. या वेळी दोन ओळी लिही.

लंब्या

रविवार, ७ डिसेंबर

प्रिय बुटक्या,

तुझं पत्र सामन्यानंतर मिळालं. "त्यालाच विचार," असं तू लिहिलंस. दोनच शब्द. कागद तरी वाया घालवू नकोस. पण विचारलं, तुझं पत्र यायच्या आधीच. विचारायला मला फार उशीर झाला होता.

पहिल्या अर्ध्यात आमची दाणादाण उडाली. शिडी दोन उंचांच्या मध्ये अडकलेला आणि आमचे चौघे त्याच्याकडे बघत उभे. अर्धा वेळ संपायच्या जरा आधी तो चेंडूसाठी उडाला आणि खाली आला. पडला नाही, पण सरळ होताना त्याने हात जमिनीला टेकवला. तसा हात म्हातारी माणसं टेकवतात. आणि मला एकदम सगळं दिसायला लागलं. घरी तो कित्येक दिवस जेवताना एक पाय टेबलाखाली लांब सोडून बसत होता. मला वाटायचं, पाय लांब आहेत, मावत नसतील. माझेही मावत नाहीत. जिना चढताना एकेक पायरी घ्यायचा. मला वाटायचं, दमला असेल.

कपडे बदलायच्या खोलीत मी त्याच्यासमोर उभा राहिलो. "गुडघा दुखतोय?"

"नाही सर."

"उकिडवा बस बघू."

तो बसला नाही. भिंतीला धरून उभा राहिला.

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या सुट्टीपासून."

"आणि सांगितलं का नाहीस रे?"

तो खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, तुम्ही बसवलं असतं."

"बसवलंच असतं! मग?"

"मग संध्याकाळी घरी कुठल्या तोंडाने यायचं? बाकावरच्या पोराला तुम्ही कशाला जेवू घालाल?"

भिंगरी पाण्याची बाटली घेऊन मध्ये आला आणि म्हणाला, "अरे शिड्या, तू भात खायला खेळतोस? आधी सांगायचं ना. मी माझा डबा दिला असता, गपचूप जागा सोडली असतीस." खोलीत हशा झाला. शिडीही हसला आणि हसता हसता त्याने बाहीने तोंड पुसलं.

मी रोज सकाळी डोळे मिटून पोरांच्या पायांसाठी देवाकडे मागत होतो. डोळे उघडून बघण्याचं काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं, ते मी केलं नाही. त्या दिवशी मी शिडीच्या खांद्यावर हात ठेवला (खांद्यापर्यंत हात वर न्यावा लागेल असा मला आयुष्यात हा एकच मुलगा मिळाला) आणि म्हटलं, "आज बैस. उद्या बैस. बरा होईस्तोवर बैस. कुकर नेहमीच्या वेळी लागेल." आणि खडू ताईच्या हातात दिला.

तिने पाच बुटके उतरवले. रिंगखाली कुणी नाही. सुरुवातीला ती रिकामी जागा मला घरातल्या कुणी नसलेल्या खोलीच्या उघड्या दारासारखी दिसली. मग भिंगरी डावीकडून धावत आत आला, समोरचे दोन उंच त्याच्याकडे वळले, आणि त्या मोकळ्या जागेत दुसरा कुणीतरी आधीच पोचलेला होता. मग तिसरा. जागा कुणाचीच नव्हती म्हणून सगळ्यांची होती. समोरचे उंच मान वळवून वळवून थकले. मला तू दिसत होतास. आपल्या शाळेत मी त्या खांबाखालून दोन पावलं बाजूला झालो असतो, तर तू काय काय केलं असतंस कुणास ठाऊक.

आम्ही हरलो. एका बास्केटने. परतलेला चेंडू शेवटी त्यांच्या उंचाच्याच हातात गेला, म्हणजे माझंही एक कारण खरं होतं. पण पोरं हरल्यासारखी दिसत नव्हती. बाकावर ओरडून ओरडून शिडीचा आवाज बसला होता. बसमध्ये मी ताईच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "तू विचारलं होतंस ना? सांभाळत होतो." ती म्हणाली, "ठाऊक होतं, सर. माझा मोठा भाऊही असाच, सगळ्यांना सांभाळतो आणि स्वतःची भूक सांगत नाही."

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. सहा महिने तरी खेळ नाही, आणि हॉस्टेलचे जिने तर मुळीच नाहीत. परवा त्याचे वडील त्याला गावी न्यायला आले. शिंपी आहेत. मला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाले, "तुमचं कापड माझ्या पोराएवढंच लागेल." मग स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि चौकटीवरच्या स्पंजला हात लावून उभे राहिले. तो एका बाजूने सुटला आहे. त्यांनी खिशातून सुईदोरा काढला, पण लाकडाला टाका कुठे घालणार? तसाच परत ठेवला. जाताना शिडीने मला वाकून नमस्कार केला, दुखऱ्या पायावर. मी ओरडलो. मग रिक्षा गेली.

काल सराव झाल्यावर मी एकटा चालत घरी आलो. सवयीने दोघांचा भात लावला. पाव आणायला विसरलो होतो.

तुझ्या तीन पत्रांपैकी शेवटच्यात तू विचारलं होतंस, "येऊ का?" तेव्हा मी तारीख घालून उठलो होतो. ते उत्तर आज लिहितो. ये. वहिनींना सुट्टी मिळत नसेल तर एकटा ये. ताईला तुला भेटायचं आहे, भिंगरीला तुझे जुने पास शिकव. चौकटीची तुला काळजी नाही, तू सरळ उभा राहून आत येशील. आमच्या हिच्याबद्दल बोलायचं आहे. मी नुसतं हं हं करणार नाही.

रिंगखालून मी बाजूला झालो आहे. तू धावत आलास तर वाटेत कुणी नाही.

भात जास्त झाला आहे.

तुझा,
लंब्या