श्रेयसच्या बुटातली वाळू

बोरिवली, मंगळवार

श्रेयसच्या बाबांना नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही गोळ्या चुकवत नाही, असं धरून चालते. लोणचं बंद केलंत ना?

काल नातीला इंग्रजी शिकवत होते. इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, एखादी गोष्ट चिमूटभर मिठासोबत घेणे, म्हणजे ऐकून घ्यायची, पण पुरती खरी मानायची नाही. वाक्यात उपयोग कर म्हटलं, तर मानसीने केला, "बाबा रोज ऑफिसला जातो म्हणतो, ते आई चिमूटभर मिठासोबत घेते."

क्षमा तिथेच पोळ्या लाटत होती. सूनबाईचे हात थांबले.

तेव्हापासून मला चैन नाही. अंधेरीच्या ऑफिसातून येणाऱ्याच्या बुटात वाळू कशी? श्रेयसला विचारलं, तर म्हणाला, "अगं आई, सगळीकडे रस्ते खोदलेत ना!" रस्त्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो का? गोराईचा किनारा इथून जवळ आहे.

तुम्ही फोन करून त्याला ओरडू नका. नोकरी गेली असेल, तर त्यानेच सांगायला हवं.

उद्या मी डब्यात दोघांचं जेवण भरणार आहे आणि त्याच्याबरोबर निघणार आहे. कुठे जायचं, ते त्याने ठरवावं.

तब्येत सांभाळा.

तुमची,
अनुपमा