इंजिन धुतलं त्याची हकीकत

चि. धाकटीस, थोरलीचा आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? बरा असेल तर कळवू नकोस, माझा ठणकतोय, उगाच राग येईल. तुझ्या घरच्यांचा खोकला थांबला असेल असं धरून चालते (सिगारेट थांबली असेल असं धरत नाही). माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू लावून घे.

तर ह्यांनी जुन्या बाजारातून खेळण्यातलं डिझेल इंजिन आणलं. खेळण्यातलं म्हटलेलं चालत नाही, मॉडेल म्हणायचं. वीतभर लांब, हिरवं, कठडा मोडका, कुणीतरी वापरून कंटाळलेलं. एकतीस वर्षं खरं इंजिन चालवून ह्या माणसाची हौस फिटली नाही. ते खरं इंजिन गेल्या वर्षी भंगारात कापलं तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते (तिसऱ्या दिवशी तिघांचं जेवले). आता ह्या हिरव्याचं ते आपलं निळं इंजिन करायचं, नंबरासकट, आणि रविवारी मॉडेलवाल्यांच्या प्रदर्शनात मांडायचं. ह्यांच्या बरोबरीचे सगळे म्हातारे ड्रायव्हर बघायला येणार, म्हणून जिवाला नुसता घोर. महिनाभर माझं जेवणाचं टेबल गेलं. जुना रंग खरवडला, निळा दिला, तारेचे कठडे वाकवले, डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या ब्रशने नंबर काढला. एवढ्या मायेने कधी घराची एक भिंत रंगवली असती तर!

शुक्रवारी सकाळी लेकीचा नळ गळतो म्हणून हे दोन दिवस तिकडे गेले. मोटर डबीत ठेवलेली, आणि वरचं निळं टोपण टेबलावर वर्तमानपत्रावर. मी बघते तर काय, कळकट! छपरावर काजळी, खाली गंज, कडेने तेलाचे ओघळ. म्हटलं, महिनाभर राबले आणि शेवटी हात न धुता हाताळलं. चारचौघांत नाव कुणाचं जाणार? माझं. घेतला भांड्यांचा लिंबाचा साबण, जुना दातांचा ब्रश, आणि असं लख्ख केलं की त्यात तोंड बघून घ्यावं.

दुपारी ह्यांचा फोन. म्हणे, ‘टेबलाला हात लावू नकोस हं. आठ दिवस बसून खऱ्यासारखा मळ चढवलाय इंजिनावर. वरून वार्निशचा हात द्यायचा राहिलाय, नुसत्या फुंकरीने उडेल.’

अगं, मळ चढवलाय! हौसेने! माझ्या पायाखालची फरशी सरकली. तोंडातून निघून गेलं, ‘मी कशाला हात लावतेय? मी तर निघालेच धाकटीकडे, शनिवारी येईन.’ आणि फोन ठेवला.

जन्मभर मळ काढला, घालायची वेळ पहिल्यांदा आली. पण बसल्यावर ध्यानात आलं, ह्यात अवघड ते काय? खरं इंजिन मी उभ्या जन्मात तीनदा पाहिलं असेल, पण एकतीस वर्षं ह्यांचे कपडे धुतलेत. डाव्या कोपराला कायम काळं, म्हणजे डाव्या खिडकीची कड मळकी. उजव्या गुडघ्याला तेल, म्हणजे उजवीकडे वाकून कुठलंसं झाकण उघडायचे ते गळकं. डाव्या बाहीला रोज चहा, म्हणजे उरलेला चहा ह्याच खिडकीतून बाहेर ओतायचे (सांगितलं नव्हतं कधी, पण डाग बोलतात). कंदिलाच्या काचेची काजळी घेतली, गंजक्या खिळ्यांचा चुरा, शिवणयंत्राचं तेल आणि गार झालेला चहा. जिथल्या तिथे लावत गेले. शनिवार उजाडेपर्यंत नव्हे हो, शुक्रवारी संध्याकाळीच आटपलं. मी काय आठ दिवस लावणार?

शनिवारी हे आले, भिंग लावून बसले. मी कांदा चिरायला घेतला, मान खाली ठेवायला बरा. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘खिडकीखालचा हा ओघळ मी काढला होता का गं?’ म्हटलं, ‘मला काय विचारता? मी घरात नव्हते.’ मग वार्निश मारलं.

रविवारी पहिलं बक्षीस! रंगाला नाही, नंबराला नाही, मळाला. एक म्हातारा तर खिडकीखाली बोट ठेवून ओरडला, ‘लेका, अजून चहा ओततोस?’ आणि सगळे एवढे हसले की दोघांनी डोळे पुसले. परीक्षकाने विचारलं, कसं जमवलंत? तर हे छाती काढून म्हणतात, ‘एकतीस वर्षांचा अनुभव.’ कुणाचा गं अनुभव? भेगा कुणाच्या हाताला पडल्या? पण बोलायची सोय आहे का!

असो. औषध वेळेवर घे आणि सुनेला फार बोलू नकोस, थोडं माझ्यासाठी ठेव.

तुझी थोरली

ता. क. कधी ह्यांनी विचारलंच, तर शुक्रवार-शनिवार मी तुझ्याकडे होते. तुझा गुडघा दुखत होता म्हणून आले होते. तेव्हा बरा झाला असला तरी दुखता ठेव.

दुसरा ता. क. वाचून झालं की फाड. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पत्ता हे लिहितील, पण पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे.

(खाली, दुसऱ्या अक्षरात)

मेव्हणीबाई, पाकीट वाफेवर उघडलं, राग नसावा. इंजिनाला अजून लिंबाचा वास येतो. हिला काही बोलू नका. मालगाडीचे सहा डबे कोरे करकरीत रंगवून टेबलावर मांडले आहेत आणि शुक्रवारी मी पुन्हा लेकीचा नळ बघायला जातो आहे. तेवढा तुमचा गुडघा त्या दिवशी दुखावा, ही नम्र विनंती.