बत्तीस बोअरचं जुनं रिव्हॉल्व्हर

अण्णा, मी रिव्हॉल्व्हर घेतलं. नवं नाही, जुनंच. बत्तीस बोअरचं, विलायती, मधोमध मोडून उघडणारं, काडतुसांच्या सहा घरांचं. तुम्ही असता तर हातातली कानस बाजूला ठेवली असती, चष्मा कपाळावर चढवला असता आणि एकच शब्द विचारला असता, "कावून?" गेले तीन महिने मी मनातल्या मनात त्या एका 'का'चं उत्तर देते आहे. घरात, कचेरीत, अर्जात मी जे उत्तर दिलं ते सगळ्यांना पटलं. तुम्हाला पटलं असतं की नाही, ते मला कळत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती तलाठी झाले होते. पहिल्या पगारात तुम्हाला स्वेटर आणला होता, तो तुम्ही दोनदाच घातलात. आता मी मंडळ अधिकारी आहे, गेवराईच्या बाजूला, गोदावरीच्या काठची गावं माझ्याकडे आहेत. नदीतली वाळू कशी जाते हे तुमच्या वेळी एवढं नव्हतं. आता सकाळी धुकं फिटायच्या आत ट्रॅक्टरांची रांग लागते. गेल्या वर्षी पौषात मी आणि कोतवाल, दोघंच पंचनाम्याला गेलो होतो. एक भरलेली ट्रॉली पात्रातून वर येत होती. मी हात आडवा केला. ड्रायव्हरनं माझ्याकडे नीट बघितलं, अण्णा, डोळ्याला डोळा देऊन बघितलं, आणि गिअर बदलला. कोतवालानं मला दंडाला धरून ओढलं म्हणून मी वाचले. पडताना डावं मनगट मोडलं. ट्रॉलीचं मागचं चाक माझ्या चपलेवरून गेलं. तक्रार झाली, ड्रायव्हरसह दोघांना अटक झाली, जामीनही झाला. मग आमच्या गल्लीतून रोज एक मोटारसायकल हळूहळू जायला लागली. तिच्यावरचे काही बोलायचे नाहीत. दारासमोर आल्यावर नुसता हॉर्न वाजवायचे. जावयांनी मला अर्ज करायला लावला. जावई म्हणजे माझे यजमान. तुम्ही त्यांना याच नावानं हाक मारायचात म्हणून तेच लिहिलं. पोलीस चौकशी, दाखले, मैदानावरचं प्रशिक्षण असं सगळं होऊन परवाना हातात आला तोवर मनगटाचं हाड जुळून आलं होतं.

परवाना घेऊन मी कुठं जाणार? बीडला, तुमच्याच दुकानात. तुमचं म्हणते, पण ते तुमचं कधीच नव्हतं. मालक पुढं गादीवर, भिंतीला साखळीत ओवलेल्या बंदुका, आणि मागच्या पडवीत तुमचं दुरुस्तीचं बाकडं. शाळा सुटली की मी तिथं यायची. आई शेतात गेलेली असायची आणि घराला कुलूप. पडवीच्या पायरीवर बसून पाढे लिहायचे आणि तुमच्याकडे बघायचं. बाकड्याला वस्तू आवळून धरायचा लोखंडी चिमटा लावलेला, त्याच्या जबड्यांत तुम्ही चामड्याचे तुकडे घातलेले, लोखंडाला वण पडू नये म्हणून. रॉकेलची वाटी. सायकलच्या तेलाची बाटली. तुमचा स्क्रू पिळायचा एक वेगळाच डौल होता. आधी पेचकसाची पाच-सहा पाती लावून बघायची, खाचेत अगदी घट्ट बसणारं सापडलं तरच हात घालायचा. नाही सापडलं तर तुम्ही नवं पातं घासून घ्यायचात, त्यात अर्धा दिवस गेला तरी चालायचं. मालक ओरडायचे, "अरे एक स्क्रू काढायला किती वेळ?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मालक, खाच एकदा फाटली की मंग ती कायमची फाटली." छत्रीच्या काडीचं एक बारीक पातं तुम्ही मला घासून दिलं होतंत, लाकडाची मूठ बसवून. मी त्यानं घरातलं घड्याळ उघडलं आणि ते पुन्हा कधी चाललं नाही. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "उघडलंस, ते बरं केलंस."

एकदाच रागावलात. मी चौथीत असेन. बाकड्यावर एक छोटं रिव्हॉल्व्हर होतं, साफ करून ठेवलेलं. तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि मी ते उचललं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर धरलं, एक डोळा मिटला. मालक पुढून बघून हसले. तुम्ही आलात, माझ्या हातातून ते काढून घेतलंत आणि इतक्या हळू आवाजात बोललात की मला रडू आलं.

"काय करू लागलीस?"

"रिकामं हाय, अण्णा."

"रिकामं हाय हे तुला कुनी सांगितलं?"

"तुमीच. मगाशी मालकाला सांगितलं तुमी."

"मी सांगितलं म्हनून तू धरलंस व्हय?" तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात. "ह्या वस्तूच्या बाबतीत माझ्यावर बी विश्वास ठेवायचा न्हाई. कुनी बी हातात देऊ दे. आधी उघडायचं, आपल्या डोळ्यानं बघायचं. मंग बाकी समदं."

मग तुम्ही मला ते उघडायला लावलंत. एकदा नाही, वीस वेळा. माझी बोटं दुखेपर्यंत. त्या संध्याकाळी घरी जाताना तुम्ही मला भेळ घेऊन दिलीत.

दहावी झाल्यावर मी म्हणाले होते, मला बाकड्यावर बसायचंय, हेच शिकायचंय. तुम्हाला आठवतं? त्या दिवशी आपण कपिलधारला गेलो होतो, तुम्ही, मी आणि आई. तुम्ही धबधब्याखाली साबणानं हात धूत होता. बोटं पांढरीफटक झाली तरी नखांच्या कडा काळ्याच. मी विचारलं आणि तुम्ही हात धूतच राहिलात. मला वाटलं पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. "न्हाई," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, पोरगी आहे म्हणून? तर म्हणालात, "तसं न्हाई. दुकानात येनारा परत्येक मानूस भेलेला असतो. मिशीला पीळ देतो, मोठ्यानं बोलतो, पर आतून लई भेलेला असतो. रोज तसली तोंडं बघत बसायचं काम तुझ्या वाट्याला नगं." आणि मला अंबाजोगाईला कॉलेजात घातलंत. मी तुमच्यावर दोन वर्षं धुसफुसत होते. सुट्टीत आले तरी पडवीत पाऊल टाकत नव्हते. त्या दोन वर्षांत मी तुमच्याजवळ किती वेळ बसले असते, हे आता कळतं.

तर त्या दुकानात मी गेले. मालक राहिले नाहीत, त्यांचा मुलगा गादीवर असतो. त्यानं मला ओळखलं नाही. "या ताई, बसा," म्हणाला, आणि चकचकीत नव्या वस्तू पुढं ठेवल्या. त्यांच्या किमतीत आमच्या घराचं वरचं बांधकाम झालं असतं. मी म्हटलं, जुनं दाखवा. त्याचा आवाज जरा खाली उतरला. कपाटातून तीन रिव्हॉल्व्हर आणली आणि फडक्यावर मांडली.

पहिलं दिसायला सगळ्यांत देखणं होतं, पांढऱ्या झिलईचं. मी ते उघडलं, घरं बघितली, मिटलं. चक्र बोटानं हलवलं तर पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं ते खुळखुळत होतं. झिलईखाली गंजाचे खड्डे हाताला लागत होते. दुसऱ्याचा चाप कुणीतरी घासून इतका हलका केला होता की नुसत्या श्वासानं घोडा पडेल. मी दोन्ही बाजूला सरकवली. तिसरं ते हे. वरचा निळा रंग पार उडालेला, मुठीची एक कड झिजलेली. घाटनांदूरच्या एका डॉक्टरांचं होतं, ते वारल्यावर घरच्यांनी दुकानात जमा केलेलं. रंग नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि म्हणूनच मला परवडणारं. मी ते उघडलं. सहाही घरं रिकामी. पांढऱ्या कागदाचा कपटा मागं धरला, दाराच्या उजेडाकडे तोंड केलं आणि नळीतून बघितलं. आतल्या रेघांचा पीळ स्वच्छ, काठ शाबूत. मग मिटवून घोडा हळूहळू मागं ओढला, तुम्ही ओढायचात तसा, कान जवळ नेऊन. चक्र फिरलं आणि जागेवर बसलं. असं सहा वेळा. सहाही वेळा तोच आवाज.

"ताई, तुमी लई बारकाईनं बघताय," मुलगा म्हणाला. "कुठं शिकलात?"

"हितंच. मागच्या पडवीत."

तो उठून उभाच राहिला. "तुमी अण्णांच्या...?" मी मान हलवली. त्यानं चहा सांगितला. म्हणाला, अण्णा गेल्यावर बाकड्यावर कुणी टिकलं नाही, आता दुरुस्तीला माल बाहेर पाठवतात. पडवीत मी डोकावले. तिथं इन्व्हर्टर आहे आणि रिकामी खोकी. बाकडं जिथं बोल्टनं आवळलं होतं तिथली चार भोकं जमिनीत अजून आहेत. मी आत गेले नाही. पायरीवर बसले असते तर उठवलं नसतं, म्हणून उभ्यानंच चहा प्यायले. परत गादीपाशी आले तेव्हा शेजारच्या आरशात माझं तोंड दिसलं. तुम्ही कपिलधारला सांगितलं होतं ते तोंड. मिशी तेवढी नव्हती.

कागद होईपर्यंत मी ते हातात घेऊन बसले होते आणि मला एकाच गोष्टीचा ध्यास लागला होता. स्क्रू. मी एकेक खाच बघत होते. एकही फाटलेली नव्हती, अण्णा. इतकी जुनी वस्तू, आणि खाचा कालच्या असाव्यात तशा. मी मुलाला विचारलं, हे डॉक्टर दुरुस्तीला इथंच यायचे का? त्यानं जुन्या वह्या काढायची तयारी दाखवली, पण त्या वाळवीनं गेल्या, हे त्यालाच मग आठवलं. तुमचा हात यावर फिरला असेल. किंवा ते कुणी कधी उघडलंच नसेल, म्हणून खाचा धड राहिल्या असतील. दोन्ही होऊ शकतं. मी तुमच्याकडून नीट बघायला शिकले, त्यामुळे स्वतःला फसवताही येत नाही.

घरी आणल्यावर जावयांनी ते दोन बोटांत धरून बघितलं आणि कपाटात ठेवलं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मोटारसायकल यायची थांबली. कोतवाल, ज्यानं मला ओढून वाचवलं, तो आता मी पर्स उघडली की दोन पावलं मागं सरकतो. मला त्याचं वाईट वाटतं. रविवारी दुपारी घरात कुणी नसलं की मी वर्तमानपत्र पसरते, ते उघडते, तेल देते. तेल सायकलचं नाही, दुकानातून आणलेलं डबीतलं आहे. त्याला तुमच्या सदऱ्याचा वास नाही. मी रॉकेल शोधलं. कुठं मिळेना. शेवटी एका भांडीवाल्याकडून औषधाच्या बाटलीभर आणलं आणि नुसतं वाटीत ओतून शेजारी ठेवलं. मग कितीतरी वेळ मी काहीच पुसलं नाही.

मागच्या मंगळवारी सकाळी पुन्हा नदीवर गेले. यावेळी चार माणसं सोबत होती. तोच ड्रायव्हर होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खांद्यावरच्या पर्सकडे बघितलं आणि ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरून म्हणाला, "मॅडम, कागद करा तुमचे." पंचनामा झाला, ट्रॉली तहसीलला लागली. परतताना जीपमध्ये सगळे माझं कौतुक करत होते आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. पर्समध्ये माझा डबा होता, शिक्का होता आणि शाईचं पॅड होतं.

हे पत्र मी फायलीत ठेवणार आहे, सातबाराच्या कोऱ्या कागदांखाली. पण एवढं तुम्हाला सांगते, जावयांनाही सांगितलेलं नाही. मी काडतुसं घेतलीच नाहीत. त्या दिवशी दुकानात मालकांचा मुलगा काढून देत होता. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात नेते. परवा त्याचा फोन आला होता. मी उचलला नाही.