दादाच्या नंबरवर आलेला ओटीपी

चाकण, १२ जुलै

चि. विजू, ज्ञानेशदादाचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. आमच्या डेटा सेंटरची दुसरी इमारत सुरू झाली, तिथल्या एसीचं कामही माझ्याकडेच आलंय. आईचा गुडघा कसाय?

नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस मला माहीत होता गं. पण आत फोन नेऊ देत नाहीत, आणि त्याच दिवशी ओव्हरटाइम लागला. सुटल्यावर गेटवरच्या लॉकरमधून फोन काढला, तर तुझे तेरा मिसकॉल आणि चार ओटीपी. तोवर फॉर्म बंद झाला होता.

“पोरीचा नंबर कुठंही द्यायचा नाही, माझा टाक,” असं मीच दटावलं होतं.

पुढच्या वर्षी तुझाच नंबर टाक. मला विचारूही नकोस.

तुझा चुकलेला
दादा