हेरंबने विकलेले शेअर

कॉव्हेंट्री, डिसेंबर २००८

प्रिय ताईस,
रेवतीचा नमस्कार.

आम्ही दोघं खुशाल आहोत. हेरंबची नोकरीही शाबूत आहे, तेव्हा काळजी करू नकोस. आईचे गुडघे कसे आहेत?

कॅनडातल्या सोन्याच्या खाणीचे ते शेअर आठवतात ना? हेरंबने खूप अभ्यास करून, हौसेने घेतले होते. ऑक्टोबरमध्ये बाजार कोसळला आणि माझं अन्नपाणीच सुटलं. "विकून टाक," म्हणून मी रडत बसले. तो म्हणाला, "कंपनी चांगली आहे गं, थोडं थांबू या." मी ऐकलं नाही. शेवटी त्याने माझ्यासमोर सगळे विकले.

आता भाव दुपटीवर गेलाय. घर घेणं लांबणीवर पडलं. तो मात्र मला एका शब्दाने बोलला नाही. काल मीच विचारलं, "राग येत नाही का रे माझा?"

"तू जेवायला लागलीस ना," एवढंच म्हणाला.

रागावला असता तर बरं झालं असतं, ताई. हल्ली तो शेअरबाजाराची बातमीही वाचत नाही. आज सकाळी मीच पेपरातलं ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने त्यावर चहाचा कप ठेवला आणि तुझी चौकशी केली.

आईला जप.

तुझीच,
रेवती