बटाट्यातला चाकू

सोमवार, १२
मिटत नाहीये! भावोजींचा घडीचा चाकू. कपाटातल्या मखमली डबीतला. दौऱ्यावर जाताना बजावून गेले होते— "रविवारी येतो. तोवर राहा. पण माझ्या वस्तूंना हात लावलास तर त्याच दिवशी पिशवी उचलायची." त्यात हा चाकू म्हणजे जीव की प्राण. "किरकोळ कामाला काढायचा नसतो!"

मी कुठे काढला? नुसता चाळा करत होतो. बोटांत फिरवता फिरवता पातं आपोआप बाहेर. आता आत जाईना. हाताने दाबलं, गुडघ्याने दाबलं. ढिम्म.

इथून निघालो तर जाऊ कुठे? मित्रांची घरं केव्हाच संपली.

मंगळवार, १३
उघडा चाकू डबीत मावत नाही. पिशवीत टाकला तर पिशवी फाडेल. पातं बटाट्यात खुपसलं, पार मुठीपर्यंत. झकास! वजनासाठी डबीत चमचा ठेवला.

ताईने पिशवी बाहेरून चाचपली. "बटाटा कशाला रे?" म्हटलं, भूक लागली तर. तिचे डोळेच भरून आले. जेवायला तीन उकडलेले बटाटे.

बुधवार, १४
चौकातल्या किल्लीवाल्याकडे गेलो. हा भावोजींच्या ओळखीचा, म्हणून म्हटलं— मित्राचा चाकू आहे. त्याने आपले तीन काढून दाखवले. एकात नुसती स्प्रिंग, जोर लावला की मिटतो. दुसऱ्याच्या पाठीवर पट्टी. तिचा दात पात्याच्या खाचेत बसतो, मागून दाबलं की सुटतो. तिसऱ्यात पातळ पत्रा— पातं उघडलं रे उघडलं की सरकून त्याच्या बुडाशी आडवा! अंगठ्याने बाजूला सारायचा.

"मित्राच्यात यातलं काय?"

काहीच नाही. मुठीच्या तोंडाशी एक कडं आहे, शोभेचं.

"घेऊन ये."

"नाही आणता येत. उघडा आहे."

"मग बटाट्यात खुपसून आण की, गाढवा!"

मी पिशवी पोटाशी धरली.

मग दुपारभर तिथेच किल्ल्या घासत बसलो. एक अशी झाली की कुठल्याच कुलपाला लागत नाही. पण दिसायला सुरेख!

गुरुवार, १५
उकडलेले बटाटे.

शनिवार, १७
बटाटा काळा पडला, वास मारतोय. बदलायला गेलो तर निघेना. नळाची तोटी पिळावी तसा पिळला. कट्! शोभेचं कडं बटाट्याबरोबर फिरलं! त्याला एक फट आहे. फट पात्यासमोर आली की पातं हलतं. बाजूला नेली की अडतं— उघडं असो नाहीतर मिटलेलं! सोमवारी माझ्या चाळ्यात तेच फिरलं असणार.

वीसदा उघडमीट केली. एकदा बोट कापलं. चमचा बाहेर, चाकू आत. सुटलो!

रविवार, १८
भावोजींनी आल्या आल्या डबी उघडली. चाकू हुंगला. "बटाटा?"

मी पिशवी उचलली.

त्यांनी खोलीचं दार लावलं. आवाज एकदम खाली. "म्हणजे... तू उघडलास?"

"चुकून, भावोजी."

"कसा पण? तुझ्या बाबांनी लग्नात दिलेला. अकरा वर्षं झाली. मला उघडताच येत नाही रे! ताईला बोलू नकोस."

सोमवार, १९
भावोजींना पहिला धडा दिला. अजून कडं उलटंच फिरवतात. पिशवी खुंटीला टांगली. महिना तरी लागेल— मी घाई करणार नाही.